काचेवरचे पिवळे पाकीट

इंग्लंडमधल्या गावांत मध्यवस्तीजवळ 'पे अँड डिस्प्ले' अशी पाटी लावलेला वाहनतळ हमखास आढळतो. यंत्रात पैसे भरायचे आणि मिळालेले तिकीट बाहेरून वाचता येईल असे डॅशबोर्डवर ठेवायचे, या दोन्ही गोष्टी तिथे बंधनकारक असतात. तिकिटाचा कागद पातळ असतो. दार लावताना उठलेल्या झोताने तो उलटा पडतो किंवा सीटखाली सरकतो, आणि पैसे भरलेल्या माणसाच्याही वायपरखाली दंडाचे पिवळे पाकीट येते. कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, नोटिशीवर 83 हा क्रमांक असेल, तर आक्षेप पैसे न भरल्याचा नसून वैध तिकीट स्पष्ट दिसत नसल्याचा असतो. म्हणूनच 'मी पैसे भरले होते' एवढ्या एका वाक्यावर हरकत टिकेलच असे नाही.

कौन्सिलची नोटीस 2004 च्या वाहतूक व्यवस्थापन कायद्याखाली निघते आणि तिचा पोलिसांशी संबंध नसतो. लंडनबाहेर अशा चुकीला 50 पौंड दंड आहे, पण 14 दिवसांत भरल्यास तो निम्मा होतो. ही सवलत दिसायला उदार असली, तरी न्याय्य हरकत असलेली माणसेही तिच्यामुळेच 25 पौंड भरून गप्प बसतात, हे मान्य करायला हवे. वास्तविक, याच 14 दिवसांत लेखी हरकत घेतली आणि ती फेटाळली गेली, तरी बहुतेक कौन्सिल सवलतीची मुदत पुन्हा देतात.

हरकतीसोबत मूळ तिकीट जोडावे, कारण त्यावरची तारीख, वेळ आणि अनुक्रमांक यंत्रातल्या नोंदीशी ताडून पाहता येतात. अधिकाऱ्याने काढलेली छायाचित्रे मागवून घ्यावीत. तिकिटाची पालथी बाजू त्यांत दिसत असेल, तर ती आपल्याच उपयोगाची ठरते. तिकिटाची वेळ संपल्यामुळे दंड झाला असेल, तर कौन्सिलच्या जागेत 10 मिनिटांची वाढीव मुभा 2015 पासून कायद्यानेच दिलेली आहे, हेही तपासावे.

हरकत फेटाळल्यावर गाडीच्या मालकाला औपचारिक नोटीस येते आणि तिला उत्तर देण्यासाठी 28 दिवस मिळतात. त्या उत्तरावर कौन्सिलने 56 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर दंड आपोआप रद्द होतो. नकार आलाच, तर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते. काहीच न करता बसल्यास मात्र दंडात निम्म्याची भर पडून तो 75 पौंडांवर जातो.

सुपरमार्केटच्या किंवा अन्य खासगी वाहनतळावरची नोटीस दिसायला अशीच असली, तरी ती कंत्राटावर आधारलेली मागणी असते. 2015 मध्ये चेम्सफर्डच्या वाहनतळावर 56 मिनिटे जास्त थांबलेल्या चालकाकडून घेतलेले 85 पौंड सर्वोच्च न्यायालयाने वाजवी ठरवले, तेव्हापासून केवळ 'रक्कम फार आहे' या मुद्द्यावर फारसे काही साधत नाही. अटी सांगणारी पाटी झाडाआड असेल किंवा तिच्यावरची अक्षरे वाचता येण्याजोगी नसतील, तर तो मुद्दा अधिक भक्कम असतो. अशा पाटीचे छायाचित्र गाडी हलवण्यापूर्वीच काढून ठेवावे. ते आधी कंपनीकडे केलेल्या अपिलात आणि नंतर तिच्या व्यावसायिक संघटनेशी जोडलेल्या अपील सेवेपुढे मांडता येते.