लाल आणि फिकट : मधुमेही हृदय वाचवण्याचे प्रयोग

[दृश्य : काचेच्या नळीला टांगलेलं, धडधडणारं छोटं हृदय]

बोराएवढं हे हृदय एका पांढऱ्या उंदराचं आहे. वजन जेमतेम सव्वा ग्रॅम. शरीराबाहेर काढून दहा मिनिटं झाली, तरी ते मिनिटाला अडीचशेहून जास्त ठोके देतंय. महाधमनीत बसवलेल्या नळीतून त्याला 37 अंशांचं, प्राणवायू मिसळलेलं क्षारयुक्त पाणी सतत मिळतंय, म्हणून. ऑस्कर लँगेनडॉर्फ या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञानं 1895 साली ही पद्धत मांडली. आजही ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

थोड्या वेळानं हा प्रवाह 30 मिनिटांसाठी बंद होईल. मग पुन्हा सुरू होईल. त्यानंतर मोजायचं एकच : हृदयाचा किती स्नायू मेला आणि किती वाचला.

हा उंदीर मधुमेही होता. तसा उंदीर तयार करायला कित्येक आठवडे लागतात, खर्च दुप्पट होतो आणि चुकण्याच्या जागा चौपट. तरी तो लागतोच. का, ते समजायला 1986 सालाकडे जावं लागेल.

[दृश्य : हृदयाच्या रोहिणीचं रेखाचित्र, गाठ आवळते, सुटते]

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर कुत्र्यांच्या हृदयावर काम करत होते. त्यांनी हृदयाची एक रोहिणी 5 मिनिटं बंद केली, 5 मिनिटं सोडली. असं चार वेळा. त्यानंतर तीच रोहिणी सलग 40 मिनिटं बंद ठेवली. अंदाज असा होता की आधीच्या चार झटक्यांनी नुकसान वाढेल. झालं उलट. मेलेला स्नायू तुलनेच्या कुत्र्यांपेक्षा जवळपास पाऊणपट कमी भरला. छोट्या झटक्यांनी हृदय मोठ्या झटक्याला तयार झालं होतं. याला 'प्रीकंडिशनिंग' म्हणतात.

पुढची तीस वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांनी हेच संरक्षण औषधातून मिळवण्याचा प्रयत्न केला. प्राण्यांमध्ये यशाची रांग लागली. माणसांत मात्र निराशा पदरी आली. 2015 साली सायक्लोस्पोरिन या औषधाची मोठी चाचणी झाली, हार्ट अटॅकच्या 970 रुग्णांवर. फायदा दिसला नाही. 2019 साली पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या दंडाला पट्टा बांधून, तो फुगवून आणि सोडून दुरून संरक्षण देण्याची चाचणी झाली. त्यातही वर्षभरानंतर फरक नव्हता.

कारणं बरीच आहेत, पण आमच्या मते सर्वांत जड कारण डोळ्यांसमोरच होतं. प्रयोगातला प्राणी तरुण, सडपातळ आणि निरोगी. रुग्ण साठीचा, पंधरा वर्षांचा मधुमेही, पोट सुटलेला, रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणारा. मधुमेहाच्या जुन्या गोळ्यांपैकी ग्लिबेनक्लामाइड तर पोटॅशियमच्या ज्या वाटा बंद करते, त्यांतल्याच काही प्रीकंडिशनिंगला लागतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी औषध शोधायचं तर निरोगी उंदरावर थांबून कसं चालेल?

याचा पुरावाही आहे. जपानमध्ये पैदास केलेली गोटो-काकिझाकी ही उंदरांची जात लठ्ठ नसूनही मधुमेही असते. निरोगी उंदराच्या हृदयाला प्रीकंडिशनिंगची एक फेरी पुरली, तिथे या मधुमेही हृदयाला तीन फेऱ्या लागल्या. म्हणजे संरक्षणाची यंत्रणा शाबूत होती, तिचा उंबरठा वर गेला होता. निरोगी प्राण्यावर ठरवलेली मात्रा मधुमेही हृदयाला अपुरी पडते ती अशी.

[दृश्य : प्राणीगृह. पिंजऱ्यांच्या रांगा, वजनकाटा]

मग मधुमेही उंदीर करायचा कसा?

एक जुना रस्ता आहे, स्ट्रेप्टोझोटोसिन या औषधाचा. ते मातीतल्या एका जिवाणूपासून मिळतं. रेणूचा एक भाग ग्लुकोजचाच असल्यामुळे स्वादुपिंडातल्या, इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी 'ग्लुट-2' या दारातून ते आत घेतात आणि मग त्यांचा डीएनए तुटतो. तो सांधण्याच्या धडपडीत पेशीतली ऊर्जा संपते आणि पेशी मरते. एका किलोला 50 ते 65 मिलिग्रॅम दिलं की बहुतेक बीटा पेशी जातात. साखर प्रचंड वाढते, पण उंदीर रोडावतो. हे चित्र टाइप-1 मधुमेहाचं झालं. आपल्याकडचा बहुसंख्य रुग्ण असा नसतो. त्याच्या शरीरात इन्शुलिन असतं, पण त्याचं काम नीट होत नाही.

म्हणून दोन पायऱ्यांची पद्धत आली. मोहालीच्या 'नायपर' या राष्ट्रीय औषधनिर्माण संस्थेतल्या संशोधकांनी 2005 साली तिचं तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांच्या एक किलो खाद्याचा हिशेब असा : नेहमीच्या खाद्याची भुकटी 365 ग्रॅम, डुकराची चरबी 310, केसीन (दुधातलं प्रथिन) 250, जीवनसत्त्वं व खनिजं 60, कोलेस्टेरॉल 10, मेथिओनिन 3, यीस्टची भुकटी 1 आणि मीठ 1 ग्रॅम. यातल्या 58 टक्के कॅलरी चरबीतून येतात. साध्या खाद्यात त्या 12 टक्के असतात.

हे खाद्य लवकर खवट होतं, आणि खवट खाद्य उंदीर तोंडात धरत नाही. मग वजन वाढत नाही आणि दोष उंदरावर जातो. त्यामुळे ते थोडं थोडं करायचं, थंड ठेवायचं आणि पिंजऱ्यातलं उरलेलं दररोज तोलून काढून टाकायचं. तोलल्याशिवाय उंदरानं किती खाल्लं आणि किती सांडलं, हे कळत नाही.

दोन आठवडे हे खाद्य दिलं की इन्शुलिनचा परिणाम मंदावतो. साखर मात्र अजून फारशी चढलेली नसते. आता पोटात स्ट्रेप्टोझोटोसिनचं एकच इंजेक्शन द्यायचं, किलोला 35 मिलिग्रॅम. हीच मात्रा साध्या खाद्यावरच्या उंदराला दिली तर खरा मधुमेह होत नाही. दोन्ही धक्के मिळाले की होतो. माणसातही बहुतेकदा वजनाचा भार आणि थकलेल्या बीटा पेशी एकत्र आल्यावर आजार उभा राहतो.

[दृश्य : बर्फात ठेवलेली परीक्षानळी, सिरिंज]

सगळ्यात जास्त प्रयोग या इंजेक्शनपाशी फसतात. स्ट्रेप्टोझोटोसिन साध्या पाण्यात झपाट्यानं निकामी होतं. ते थंड सायट्रेट बफरमध्येच विरघळवायचं, आम्लता (पीएच) साडेचारच्या आसपास ठेवायची आणि दहा-पंधरा मिनिटांत टोचून मोकळं व्हायचं. तीस उंदरांचं औषध एकदम कालवून ठेवलं तर पहिल्याला पूर्ण मात्रा मिळते आणि शेवटच्याला अर्धीमुर्धी. मग निष्कर्षात लिहिलं जातं की प्राण्यांचा प्रतिसाद वेगवेगळा होता. वेगळा प्रतिसाद प्राण्यांचा नव्हता, सिरिंजमधल्या औषधाचा होता. 180 ग्रॅमच्या उंदराला लागतात फक्त 6.3 मिलिग्रॅम, त्यामुळे त्या दिवशी सकाळचं वजन हवं. आठवड्यापूर्वीचं चालत नाही.

त्यानंतरची पहिली रात्र धोक्याची. मरणाऱ्या बीटा पेशी साठवलेलं इन्शुलिन एकदम सोडतात आणि काही तासांत साखर कोसळते. पिंजऱ्यात साधंच पाणी असेल तर सकाळी उंदीर मेलेले सापडतात. म्हणून त्या रात्री 5 ते 10 टक्के ग्लुकोजचं पाणी ठेवायचं. दोन-तीन दिवसांत साखर चढून स्थिरावते. पण पहिल्या आकड्यावर विसंबू नये, आठवड्यानं पुन्हा मोजावं. नायपरच्या पद्धतीत रक्तातली साखर डेसिलिटरला 300 मिलिग्रॅमच्या पुढे गेलेला उंदीरच मधुमेही धरला होता.

भीतीनंही उंदराची साखर चढते. त्यामुळे आधी आठवडाभर त्यांना रोज हातात घेऊन सवय करावी लागते. आणि मधुमेही उंदीर भरमसाट पाणी पितो, तितकीच लघवी करतो. दोन बाटल्या पाणी आणि रोज कोरडं तूस, एवढं तरी त्याला मिळालंच पाहिजे. ओल्या तुसात बसलेल्या उंदराच्या पायांना जखमा होतात, जंतुसंसर्ग होतो, आणि मग आपण मधुमेहाबरोबर संसर्गही मोजत बसतो. वजन किती टक्के घटलं की त्या प्राण्याला प्रयोगातून काढून वेदनारहित मृत्यू द्यायचा, हे आधी ठरलेलं असतं. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढच्या अर्जात ते लिहावं लागतं, आणि इतकेच प्राणी का हवेत याचा हिशेबही. हा कागद आम्ही मनापासून महत्त्वाचा मानतो. ढिसाळ प्रयोगात गेलेला जीव कुणाच्याच कामी येत नाही.

[दृश्य : पुण्याजवळची गावं, दुरून, मग पुन्हा पिंजरे]

एक गोष्ट खास आपल्या मातीतली. भारतीय बाळ वजनानं कमी भरतं, पण त्याच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनं आजूबाजूच्या सहा गावांत 1993 पासून केलेल्या अभ्यासातून पुढे आलं. याच प्रश्नाची प्राण्यांतली बाजू 2015 साली प्रसिद्ध झाली. सिडनी विद्यापीठातले आनंद हर्डीकर आणि पुण्यातल्या संस्थांमधले संशोधक यांनी अशा उंदरांचा अभ्यास केला, ज्यांच्या पन्नास पिढ्या अर्धपोटी वाढल्या होत्या. त्यांची पिल्लं वजनानं कमी, पोटात चरबी जास्त, ब-12 जीवनसत्त्व कमी. स्ट्रेप्टोझोटोसिननं मधुमेह होण्याची त्यांची शक्यता आठपट होती. पुढे दोन पिढ्या पोटभर खायला घालूनही हा दोष गेला नाही. चरबीयुक्त खाद्यावर पोसलेला गुबगुबीत उंदीर अमेरिकेतल्या रुग्णाशी जितका जुळतो, तितका आपल्या रुग्णाशी जुळतोच असं नाही.

[दृश्य : पुन्हा नळीवरचं हृदय]

आता हृदयाकडे. उंदराला आधी हेपरिन द्यायचं, नाहीतर हृदयाच्या बारीक वाहिन्यांत रक्त गोठतं. मग पूर्ण भूल. इथे दोन फसव्या जागा आहेत. झायलाझिन हे भुलीचं औषध इन्शुलिनचं स्रवणं दाबतं, त्यामुळे साखर वाढते. आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू तर स्वतःच हृदयाला संरक्षण देतं. भूल ध्यानात न घेता औषध तपासलं, तर भुलीचा गुण औषधाच्या नावावर मोजला जाईल.

हृदय काढलं की थेट बर्फगार द्रवात. तिथून नळीवर चढवायला तीन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर ते हृदय प्रयोगातून बाद. नळीचं टोक महाधमनीच्या झडपेच्या वरच राहिलं पाहिजे. खाली गेलं तर झडप फाटते आणि पाणी हृदयाच्या रोहिण्यांऐवजी पोकळीत शिरतं. हवेचा एक बुडबुडा रोहिणीत अडकला तर तेवढ्या भागाला आपल्याला नको असलेला हार्ट अटॅक येतो.

क्षारांच्या पाण्यात कॅल्शियम सगळ्यांत शेवटी घालायचं, प्राणवायू आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण सोडल्यानंतर. आधी घातलं तर त्याचा साका बसतो, आणि तो साका वाहिन्या बुजवतो. या पाण्यात इंधन म्हणून फक्त ग्लुकोज असतं. मधुमेही हृदय मुख्यतः चरबीवर चालतं. केवळ ग्लुकोजवर त्याला ठेवणं म्हणजे त्याचं नेहमीचं जेवण काढून घेणं. अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेलं पामिटेट हे चरबीचं इंधन घातलं तर चित्र खऱ्याच्या जवळ जातं, पण मग द्रव फेसाळतो. अनेक जण त्या फेसाला कंटाळून ते गाळतात. आम्हाला ते पटत नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट. स्ट्रेप्टोझोटोसिननंतर पहिल्या काही आठवड्यांत उंदराचं हृदय कधी कधी निरोगी हृदयापेक्षा जास्त तग धरतं. घाईनं प्रयोग केला तर मधुमेहच हृदयाला वाचवतो असा निष्कर्ष निघेल! आजार मुरायला वेळ द्यावाच लागतो.

[दृश्य : सफरचंदाचं झाड, मुळं]

या वाटेवरून खरोखर रुग्णापर्यंत पोचलेलं औषधही आहे. 1835 साली सफरचंदाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन वेगळं केलं गेलं. पुढे योसेफ फॉन मेरिंग यांनी ते कुत्र्यांना दिलं आणि त्यांच्या लघवीतून साखर जाऊ लागली. याच मेरिंग यांनी मिंकोव्स्की यांच्यासोबत 1889 साली कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं की मधुमेह होतो हे दाखवलं. 1987 साली स्वादुपिंडाचा मोठा भाग काढलेल्या उंदरांना फ्लोरिझिन दिल्यावर त्यांची इन्शुलिनला दाद देण्याची क्षमता परतली. फ्लोरिझिनच्या वंशातल्या एम्पाग्लिफ्लोझिनची चाचणी 2015 साली 7,020 मधुमेही हृदयरुग्णांवर पूर्ण झाली. हृदयविकारानं होणारे मृत्यू 38 टक्क्यांनी घटले. ज्या प्रथिनाला हे औषध अडवतं ते मूत्रपिंडात असतं, हृदयात जवळजवळ नसतंच. मग हृदय वाचतं कसं, हे शोधायला हे औषध पुन्हा उंदराच्या हृदयाकडे आलं आहे.

[दृश्य : हृदयाचे पातळ काप, काचेच्या ताटलीत]

30 मिनिटं बंद, 120 मिनिटं सुरू. ही दुसरी वेळ कमी करायचा मोह होतो, पण ती फार कमी केली तर मेलेल्या पेशींतली विकरं धुऊन जात नाहीत आणि मेलेला भागही रंग धरतो. मग हृदय थोडं गोठवून दोन मिलिमीटरचे काप करायचे आणि टीटीसी या रसायनाच्या एक टक्का द्रावणात 37 अंशांवर पंधरा मिनिटं ठेवायचे. जिवंत स्नायू विटेसारखा लाल होतो, मेलेला फिकट राहतो. फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्यावर फरक आणखी ठळक होतो. प्रत्येक काप तोलला जातो, दोन्ही बाजूंनी फोटो निघतो, संगणकावर फिकट भागाच्या कडेनं रेघ ओढली जाते.

बरणीवर फक्त क्रमांक आहे. कोणत्या उंदराला औषध मिळालं, कोणता मधुमेही होता, हे रेघ ओढणाऱ्याला माहीत नाही. शेवटच्या कापाचा आकडा वहीत चढला, सही झाली, की कपाटातलं पाकीट फोडलं जाईल.