द्यायची तर वेळेवर द्या

मंडळी, मला विषय दिलाय युक्रेनचा, म्हणजे शेजारी दांडगा असला तर बाहेरच्या देशांनी दुबळ्याला शस्त्रं द्यावीत का नाही, आणि मी सुरुवात करणार आहे नाशिकच्या एका खासदारापासून. १९६३ ची पोटनिवडणूक, यशवंतराव चव्हाण इथून बिनविरोध निवडून गेले. आदल्या नोव्हेंबरात ते मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला वगैरे, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण त्याच आठवड्यात दिल्लीहून वॉशिंग्टनला काय गेलं ते फारसं कोणी सांगत नाही.

१९ नोव्हेंबर १९६२. आजच्या अरुणाचलातलं बोमडिला हातचं गेलेलं, आसाम जातो की काय अशी धास्ती, आणि नेहरूंनी केनेडींना एकाच दिवसात दोन पत्रं पाठवली. मागितलं काय, तर सुपरसॉनिक फायटर विमानांच्या १२ स्क्वॉड्रन (तुकड्या), रडार, आणि आपली माणसं शिकून तयार होईपर्यंत ते सगळं चालवायला अमेरिकन माणसं. अलिप्ततावादाचा पुरस्कर्ता माणूस हे लिहितोय! मी टिंगल करायला नाही सांगत, त्यांच्या जागी कोणीही असता तरी हेच केलं असतं. फक्त झेलेन्स्की देशोदेशी कटोरा घेऊन फिरतो म्हणून व्हॉट्सॲपवर जोक फॉरवर्ड करताना ही पत्रं आठवा एवढंच म्हणणं आहे, कारण मागणाऱ्याच्या जागी आपण उभे राहून आलोय.

मिळालं काय? रायफली, मॉर्टर, डोंगरातल्या थंडीचे कपडे, असं बरंच सामान विमानांनी आलं. २१ तारखेला चीनने स्वतःच युद्धबंदी जाहीर केली आणि पाठोपाठ अमेरिकेचे दूत हॅरीमन आणि ब्रिटनचे मंत्री सँडिस दिल्लीत हजर, मदत देऊ पण पाकिस्तानशी काश्मीरवर बोला. मग आपले स्वर्णसिंग आणि पाकिस्तानचे भुट्टो यांच्या बोलण्यांच्या सहा फेऱ्या झाल्या, हाती शून्य. पुढे आपण एफ-१०४ विमानं मागितली, जी पाकिस्तानला आधीच दिली होती, ती आपल्याला नाही दिली. तेव्हा हेच आपले खासदार यशवंतराव १९६४ मधे मॉस्कोला गेले आणि १९६२ मधेच सुरू झालेला मिग-२१ विमानांचा सौदा कारखान्यासकट पक्का करून आले. तो कारखाना म्हणजे नाशिकजवळच्या ओझरचं एचएएल, विमानं बनवणारी सरकारी कंपनी. ज्यांच्या घरातलं कोणी ना कोणी तिथून रिटायर झालंय असे इथे बरेच जण असतील, त्यांना मी काय सांगणार.

आता माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. द्यावीत. स्वतःच्या जमिनीवर उभं राहून लढणाऱ्या देशाला शस्त्रं द्यावीत. पण द्यायची तर वेळेवर आणि पुरेशी, नाहीतर सरळ नाही म्हणा, म्हणजे तो बिचारा दुसरा काही मार्ग बघेल. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे थेंब थेंब देणं.

युक्रेनला नेमकं तेच झालं. १९९४ मधे बुडापेस्टला त्यांनी सोव्हिएत काळातली अण्वस्त्रं सोडून द्यायचं कबूल केलं, बदल्यात अमेरिका, ब्रिटन आणि खुद्द रशियाने सीमा मान्य करून सही केली. २०१४ मधे क्रिमिया गेला तेव्हा ओबामांनी पाठवले ब्लँकेट, रडार, नाईट व्हिजन, पण मारणारं हत्यार नको, रशिया चिडेल. २०२२ ला रशिया कीवच्या दारात आला तेव्हा मग घाई. त्यातही हायमार्स रॉकेट जूनमधे, लेपर्ड रणगाड्यांचा निर्णय २०२३ च्या जानेवारीत, एफ-१६ विमानं पोचली २०२४ च्या जुलै-ऑगस्टमधे. प्रत्येक वेळी आधी नाही, मग बघू, मग चर्चा, मग होकार, आणि तोवर समोरच्याने खंदक खणून सुरुंग पेरून ठेवलेले. आपल्या द्राक्षवाल्यांना हे वेगळं समजवायला नको, डावणी (बुरशीचा रोग) पानावर दिसायला लागल्यावर अर्ध्या डोसची फवारणी केली तर औषधाचा खर्चही होतो आणि बागही जाते.

तोफगोळ्याचंच घ्या, देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षण केंद्रामुळे आपल्याला तो विषय घरचा. १५५ मिलीमीटरचा एक गोळा साधारण ४५ किलोचा, म्हणजे जवळजवळ सिमेंटची गोणी, ती माणसाने उचलायची, पुढे फ्यूज बसवायचा, मागे चार्ज भरायचा, आणि हे दिवसभर. भरपूर गोळे मारले की नळी झिजते, नेम बिघडतो, नळी बदलावी लागते. युक्रेनकडे अमेरिकन, फ्रेंच, जर्मन, पोलिश, स्वीडिश अशा तोफा जमल्या, कॅलिबर तेच पण प्रत्येकीचे पार्ट वेगळे, मेकॅनिकचं ट्रेनिंग वेगळं, फायरिंगची गणितं वेगळी. त्यात युरोपने २०२३ च्या मार्चमधे सांगितलं वर्षात १० लाख गोळे देतो, वर्ष संपताना निम्म्याच्या आसपास दिले होते. अमेरिकेचं ६१ अब्ज डॉलरचं पॅकेज काँग्रेसमधे कित्येक महिने अडकलं आणि त्याच काळात, २०२४ च्या फेब्रुवारीत, युक्रेनचं आवदीवका शहर पडलं. एवढं सगळं गोळ्यांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, पण मोजून मोजून मारायची पाळी आलेल्या तोफखान्याचं काय होतं ते कुठल्याही रिटायर्ड गनरला विचारा.

दुसरी बाजू आहे, ती मी टाळत नाही. शस्त्रं दिल्याने युद्ध लांबतं, माणसं जास्त मरतात, समोर अण्वस्त्रवाला असेल तर जास्तच जपायला हवं, हे खरंच आहे. आणि दिलेलं हत्यार उद्या कुणाकडे रोखलं जाईल ते देणाऱ्याच्या हातात राहत नाही. अमेरिकेने पाकिस्तानला पॅटन रणगाडे कम्युनिझमविरुद्ध म्हणून दिले, भारताविरुद्ध वापरणार नाहीत असं आपल्याला सांगितलं, आणि १९६५ ला ते खेमकरणच्या उसाच्या शेतात आपल्याच अंगावर आले. तिथे ते रणगाडे फोडणारे हवालदार अब्दुल हमीद होते म्हणून निभावलं. त्यामुळे कुणालाही द्या असं मी म्हणत नाही. श्रीलंकेतल्या तमिळ गटांना आपण ट्रेनिंग आणि शस्त्रं दिली, पुढे आपलीच शांतिसेना त्यांच्याशी लढली आणि हजाराच्या वर जवान गेले. हा धडा आपलाही आहे.

पण न देणं म्हणजे तटस्थ राहणं, हे मला पटत नाही. १९९१ मधे युनोने सगळ्या युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी घातली, कागदावर सगळ्यांना सारखी. प्रत्यक्षात जुन्या युगोस्लाव्ह सैन्याचे रणगाडे आणि तोफा सर्बांच्या हाती आणि बोस्नियाच्या सरकारकडे जवळजवळ काही नाही. तेव्हाही युक्तिवाद हाच, शस्त्रं गेली तर युद्ध लांबेल. युद्ध तरीही साडेतीन वर्षं चाललं आणि १९९५ च्या जुलैत स्रेब्रेनित्सामधे ८००० च्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले, तेही युनोने सुरक्षित ठरवलेल्या भागात.

मला यातल्या त्यात बरं वाटतं ते डेन्मार्कने केलं ते. २०२४ मधे त्यांनी स्वतःकडचं सामान देण्याऐवजी पैसे दिले आणि युक्रेनच्याच कारखान्यात बनणाऱ्या बोहदाना तोफा घेऊन युक्रेनच्याच सैन्याला दिल्या, पहिल्या खेपेला १८. पार्ट तिथले, मेकॅनिक तिथला. २०२५ च्या मार्चमधे ट्रम्प यांनी काही दिवस मदत आणि गुप्त माहिती दोन्ही बंद केली होती, तसं या तोफांचं करता येत नाही.

आणि आता आपण देणाऱ्याच्या रांगेतही आहोत बरं का. फिलिपिन्सने चीनची धास्ती म्हणून आपल्याकडून ब्रह्मोस क्षेपणास्त्रं घेतली, २०२४ च्या एप्रिलमधे पहिली खेप पोचली. आर्मेनियाने पिनाक रॉकेट लाँचर घेतलं, कारण ज्या रशियाच्या भरवशावर ते बसले होते तो ऐन वेळी आला नाही. उद्या फिलिपिन्सला खरंच लढायची वेळ आली आणि सुटे भाग तातडीने हवेत असं मनिलाहून कळलं आणि तेवढ्यात बीजिंगने डोळे वटारले, तर दिल्ली काय करणार? हा प्रश्न सही करतानाच सोडवून ठेवायचा असतो.

मघाशी चिठ्ठी आलीये, मग भारताने युक्रेनला शस्त्रं द्यावीत का. प्रामाणिक उत्तर देतो. आपण देणार नाही, आणि त्यामागे तत्त्व कमी, हिशेब जास्त आहे. ओझरला आपण सुखोई बनवल्या, पण लायसन्स रशियाचं आणि कित्येक पार्ट आजही तिकडूनच येतात, शिवाय एस-४०० या हवाई संरक्षण यंत्रणेच्या डिलिव्हऱ्याही या युद्धात रखडल्या. ज्याच्या हातात आपला नळ आहे त्याच्या शत्रूला आपण पाणी कसं पाजणार? हे मला आवडत नाही, पण सरकारच्या जागी मी असतो तर आज मीही नाहीच म्हटलं असतं, आणि संध्याकाळी एचएएलवाल्यांना बोलावून विचारलं असतं की हे पार्ट इथे बनवायला अजून किती वर्षं घेणार.