गेटवर अडलेले औषध

अध्यक्ष महाराज आणि श्रोतेहो,

कैद्यांचे आरोग्य हा विषय मी संयोजकांकडून मागून घेतला, कारण जिल्हा कारागृहात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करताना घडलेली एक गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही. हर्सूल कारागृहाच्या तटाजवळून आपण सगळेच येतो-जातो, पण आत कोण असते? २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि बंदी होते ५,७३,२२०. त्यांतील दर चारांपैकी तिघे न्यायाधीन, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. हैदराबाद मुक्तिसंग्रामात आपल्याच घरांतली माणसे निजामाच्या तुरुंगात गेली होती, तेव्हा आत गेलेला प्रत्येक जण वाईटच, असे निदान मराठवाड्याने तरी म्हणू नये.

आता ती गोष्ट. तिशीतला एक ऊसतोड कामगार मुकादमाच्या उचलीवरून, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांवरून, झालेल्या मारामारीत अटक होऊन आमच्याकडे आला. गावच्या आरोग्य केंद्रातून त्याला क्षयाची औषधे सुरू होती आणि दुसरा महिना चालू होता. गेटवरच्या झडतीत गोळ्यांची पाकिटे काढून घेतली गेली आणि त्याच्या कपड्यांबरोबर, पाकिटातल्या पैशांबरोबर जमा झाली. दाखल झालेल्या बंद्याची तपासणी करून प्रकृतीची नोंद ठेवावी, असे १८९४ चा कारागृह कायदाच सांगत होता. त्याप्रमाणे मी त्याला तपासले, पण त्या दिवशी दाखल होणाऱ्यांची रांग मोठी होती. मी वजन घेतले, अंगावरच्या जखमा लिहिल्या आणि 'काही आजार आहे का' एवढेच विचारले. बराकीतले लोक वेगळे काढतील या भीतीने तो 'नाही' म्हणाला. मी त्याच्या छातीला स्टेथोस्कोप नीट लावला असता, तर पुढचे टळले असते.

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या थुंकीतून रक्त पडू लागले. मी मोठ्या रुग्णालयात पाठवण्याचे पत्र दिले. परंतु बंदी बाहेर न्यायचा तर पोलीस गार्ड लागतो, आणि त्या काळात सगळा गार्ड निवडणुकीच्या बंदोबस्ताला गेलेला. पत्र देऊन बारा दिवस झाले, तोवर तो त्याच बराकीत शेजाऱ्याच्या अंथरुणाला अंथरूण लावून झोपत होता. अखेर त्याला नेले, पुन्हा औषधे सुरू झाली आणि तो जेवू लागला. पुढे एका संध्याकाळी जामिनाचा आदेश पोहोचला, तेव्हा औषधे देणारा कर्मचारी घरी गेलेला होता, आणि माणूस रिकाम्या हाताने सुटला. सकाळी मला कळले तेव्हा तो आपल्या ऊसतोड टोळीबरोबर साखर कारखान्याकडे निघूनही गेला होता. त्याच्या गोळ्या आमच्या कपाटात राहिल्या.

क्षयाचे नेहमीचे उपचार सहा महिन्यांचे असतात. ते मध्येच तुटले की जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, आणि असा रोगी मग कोपीत, म्हणजे ऊसतोड कामगाराच्या झोपडीत, लेकरांशेजारी झोपतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी माझ्या हातात आली आहे, म्हणून मुख्य मुद्दा आटोपशीर मांडतो. २०१५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांनुसार बंद्याला बाहेरच्या समाजाला मिळतो त्याच दर्जाचा उपचार मिळाला पाहिजे आणि सुटकेनंतरही तो अखंड राहिला पाहिजे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. क्षयरोग्याची नोंदणी 'निक्षय' या सरकारी संगणक प्रणालीत होऊन त्याला क्रमांक मिळतो, आणि ती देशभर चालते. तो क्रमांक गेटवर विचारला गेला आणि जमा झालेली गोळ्यांची पाकिटे त्याच दिवशी डॉक्टरांकडे आली, तर अर्धे काम होते. रुग्णालयाच्या फेऱ्यांसाठी बंदोबस्ताला न जाणारा वेगळा गार्ड हवा. मनाच्या आजारांचेही तसेच आहे. पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात, तेव्हा नव्या बंद्याशी कुणीतरी रोज बोलले पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना बंधनकारक केली आहे. परंतु परभणी किंवा बीडच्या बंद्याला ती आपल्या जिल्ह्यातच मिळायला हवी.

समोर वकील मंडळी बसली आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. जामीन झाल्याची बातमी घरच्यांना बहुधा तुम्हीच देता. त्याच फोनवर अशिलाला कोणत्या गोळ्या सुरू आहेत ते विचारा, आणि आदेश घेऊन जाणाऱ्याला पंधरा दिवसांची औषधे व आरोग्यपत्रक मागून आणायला सांगा.