गिअरबॉक्स खोलण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

गिअर नीट पडेनासे झाले की गाडीच्या मालकाला पहिली धास्ती वाटते ती गिअरबॉक्स गेल्याची. मला मनापासून सांगायचं आहे, की अशा पुष्कळ तक्रारींचं मूळ गिअरबॉक्सच्या बाहेर असतं. क्लचमध्ये, गिअर लिव्हरच्या केबलमध्ये, नाहीतर तेलात. आणि ते कुठे आहे याचा बराचसा अंदाज जागच्या जागी बसून घेता येतो.

समजा, गिअर जड पडतोय. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि एकेक गिअर टाकून पाहा. मग ब्रेकवर पाय ठेवून, इंजिन चालू करून तेच करा. बंद इंजिनावर गिअर अलगद पडत असतील आणि चालू केल्यावर अडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स पुरते वेगळे होत नाहीत. तुम्ही पेडल दाबलंय, पण क्लच प्लेट इंजिनाबरोबर थोडी फिरतेच आहे. क्लचची केबल सैल झालेली असते, किंवा हायड्रॉलिक क्लच असेल तर ऑइल कमी होतं, पाइपात हवा शिरते. त्याआधी मात्र वाकून पेडलखाली बघा. तिथे मॅट गोळा झाली असेल तर पेडल शेवटपर्यंत जातच नाही! इंजिन बंद असतानाही गिअर अडत असतील, तर संशय लिव्हरच्या केबलवर किंवा तिच्या झिजलेल्या बुशवर, म्हणजे सांध्यातल्या कडीवर, घ्यावा.

आता आवाज. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, क्लचवर पाय नाही आणि घरघर ऐकू येतेय. क्लच दाबला की ती थांबली, तर इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग तपासायला हवं. याच्या उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग. डावा पाय सतत पेडलवर टेकवून गाडी चालवणाऱ्यांचं हे बेअरिंग लवकर जातं आणि क्लच प्लेटही.

एकाच गिअरला, विशेषतः दुसऱ्या किंवा तिसऱ्याला, खर्रर्र होत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सिंक्रोनायझर रिंग असते, बऱ्याचदा पितळेची. गिअर पडण्याआधी ही रिंग गिअरच्या शंकूवर घासते आणि दोन्हींचा वेग सारखा करते. 1928 साली कॅडिलॅकने ही सोय मोटारीत आणली. त्याआधी चालकाला दोनदा क्लच दाबून वेग स्वतःच जुळवावा लागे. ही जुनी रीत आज रिंग तपासायला उपयोगी पडते. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना क्लच दाबून न्यूट्रल करा, क्लच सोडून किंचित रेस द्या, पुन्हा क्लच दाबून गिअर टाका. एरवी खरखरणारा गिअर असा बिनआवाज पडला, तर ती रिंग झिजलीय. लिव्हर झटक्याने हाणला की रिंगला वेग जुळवायला वेळच मिळत नाही, आणि ती लवकर झिजते. फक्त रिव्हर्स खरखरत असेल तर घाबरू नका. अनेक गाड्यांत रिव्हर्सला ही रिंग नसते. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, मग टाका.

रेस वाढते पण वेग वाढत नाही, चढावर जळका वास येतो, हा क्लच घसरल्याचा प्रकार. पडलेला गिअर रेस सोडताच आपोआप निसटतो, तेव्हा मात्र दोष बहुधा आतलाच. तिथे टाळाटाळ नको.

तेलाबद्दल मी फार आग्रही आहे. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेल साधारण दोन लिटरच्या आसपास असतं आणि बहुतेक गाड्यांत ते मोजायला डिपस्टिक नसते. त्यामुळे ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दांड्याच्या, सीलमधून ते झिरपत राहिलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी पातळी बघायला सांगा. गाडीच्या माहितीपुस्तिकेत जीएल-4 हा गिअर तेलाचा दर्जा लिहिला असेल तर ‘त्याहून भारी’ म्हणून जीएल-5 घालू देऊ नका. त्यातली काही रसायनं पितळेच्या रिंगांना मारक ठरू शकतात. तेल काढल्यावर तिथल्या चुंबक बसवलेल्या बोल्टवर करडा, मऊ लेप दिसला तर तो नेहमीच्या झिजेचा. कपचे किंवा दाताचे तुकडे दिसले तर गिअरबॉक्स खोलावाच लागेल.

ऑटोमॅटिकवाल्यांनी ‘डी’ टाकल्यावर गाडी किती वेळाने पकड घेते, हे लक्षात ठेवावं. उशीर वाढू लागला, धक्के बसू लागले, तेल काळपट होऊन जळका वास आला, तर लगेच दाखवा. गाडी एकाच गिअरमध्ये अडकली तर आधी संगणकावर कोड वाचून घ्या, कधी कधी दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा निघतो. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी चालकी चाकं, म्हणजे इंजिनाच्या जोराने फिरणारी चाकं, रस्त्यावर ठेवून ओढत नेऊ नका. तेलाचा पंप इंजिनावर चालतो, म्हणून आतले भाग कोरडे फिरतात.

आणि क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवायचाच झाला, तर क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलून घ्या. इंजिनाच्या मागचं ऑइल सीलही त्याच वेळी तपासायला सांगा, कारण ते गळत असेल तर नव्या प्लेटवर तेल येईल आणि हीच मजुरी पुन्हा द्यावी लागेल.

नमस्कार.