रेझ्युमे वाचणाऱ्याच्या बाजूने

सुरुवातीलाच एक सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. रेझ्युमेने नोकरी मिळत नाही, मुलाखतीचं बोलावणं येतं. पुढचं सगळं तुम्ही प्रत्यक्ष बोलून मिळवायचं. पण हातात येणारे बरेचसे रेझ्युमे बघितले की वाटतं, लिहिणाऱ्याने आयुष्याचा सगळा हिशेब एकदाच मांडून मोकळं व्हायचं ठरवलंय. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेपासून सगळं त्यात आहे. वाचणाऱ्याला त्यातलं फार थोडं हवं असतं. त्याच्याकडे एक जागा रिकामी आहे, काम तुंबलंय, वरून रोज विचारणा होतेय आणि समोर अर्जांचा ढीग पडलाय. हे काम या माणसाला जमेल का, आणि जमेल असं मानायला या कागदावर काय आधार आहे, एवढंच तो शोधत असतो.

माझं काम अर्ज वाचण्याचं. त्यामुळे आज मी लिहिण्यापेक्षा वाचण्याबद्दलच जास्त बोलणार आहे.

तुम्ही ऐकलं असेल की रेझ्युमेवर सहा सेकंदच नजर टाकली जाते. हा आकडा ‘द लॅडर्स’ या नोकऱ्यांच्या संकेतस्थळाने 2012 मध्ये केलेल्या पाहणीतून आला. भरती करणाऱ्या लोकांची नजर कागदावर कुठे फिरते, हे त्यांनी उपकरणाने टिपलं होतं. 2018 मध्ये त्यांनीच पुन्हा पाहणी केली तेव्हा 7.4 सेकंद निघाले. पाहणी काही फार मोठी नव्हती, म्हणून त्या सेकंदांचा बाऊ करू नका. ही पहिली चाळणी झाली. त्यातून राहिलेला अर्ज आम्ही नीट वाचतो. त्या पाहणीतली उपयोगी गोष्ट वेगळीच आहे. नजर मुख्यतः कुठे थांबली? नाव, सध्याचं पद आणि कंपनी, त्याआधीचं पद आणि कंपनी, तारखा, शिक्षण. माझाही अनुभव हाच आहे. म्हणजे या गोष्टी शोधाव्या लागता कामा नयेत. पदाचं नाव एकीकडे, कंपनी तिसरीकडे आणि तारीख कोपऱ्यात फिकट राखाडी अक्षरांत असेल, तर ते सेकंद शोधाशोधीतच संपले.

आता लिहायला बसण्याआधीचं काम. जाहिरात वाचा. वाचली असेलच म्हणा, पण पेन्सिल घेऊन वाचा. कुठल्याही जाहिरातीत दहा-बारा अपेक्षा असतात आणि त्यातल्या तीन-चारच खऱ्या असतात. बाकीच्या मागच्या जाहिरातीतून उतरवलेल्या असतात, हे मी आतल्या गोटातली म्हणून सांगते. खऱ्या कशा ओळखायच्या? त्या आधी येतात, वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा येतात आणि रोजच्या कामाच्या वर्णनातही दिसतात. ‘उत्तम संवादकौशल्य’ सगळीकडेच असतं, ते सोडून द्या. पण ‘पुरवठादारांशी दरांबाबत बोलणी’ असं दोनदा आलं असेल, तर ती जागा त्याच कामासाठी आहे. तुम्ही ते केलं असेल, तर पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात ते दिसलं पाहिजे. एकच रेझ्युमे पन्नास ठिकाणी पाठवणाऱ्यांचं इथेच बिनसतं. मजकूर सगळा तोच ठेवा, पण क्रम त्या त्या जागेप्रमाणे बदला. अर्ध्या तासाचं काम आहे.

या बाबतीत लिओनार्दो दा विंचीकडून शिकण्यासारखं आहे. 1482 च्या सुमाराला, वयाच्या तिशीत, त्याने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे काम मागणारं पत्र लिहिलं. त्याचा मसुदा आज उपलब्ध आहे. त्यात मुद्दे ओळीने मांडलेत: हलके, उचलून नेता येणारे पूल, वेढा घातल्यावर खंदकातलं पाणी काढायची युक्ती, तोफा, आच्छादलेले युद्धरथ. शांततेच्या काळातली कामं शेवटी येतात आणि चित्रकलेचा उल्लेख तर अगदी जाता जाता. समोरच्याला लढाईची काळजी आहे हे त्याने ओळखलं होतं. मला मात्र त्या पत्राचा शेवट जास्त आवडतो. यातलं काही कुणाला अशक्य वाटत असेल, तर तुम्ही सांगाल तिथे करून दाखवायला मी तयार आहे, असं तो म्हणतो. दाव्याबरोबर पुरावाही देऊ केलाय. आपल्या रेझ्युमेत नेमकं हेच नसतं. दावे भरपूर असतात.

आता एक ओळ घेऊ आणि तिच्यावर जरा वेळ घालवू, कारण खरं काम तिथेच आहे. गोदामात काम केलेल्या एका मुलीच्या अर्जात असं होतं: ‘गोदामातील साठ्याची जबाबदारी यशस्वीपणे सांभाळली.’ ही ओळ वाचून मला काय कळलं? ती गोदामात होती, बस्स. मी तिला विचारलं, “तू रोज करायचीस काय?” ती म्हणाली, “माल आला की चलनाशी ताडून घ्यायचा, रॅकवर लावायचा, सिस्टिममध्ये नोंद करायची.” हे तू यायच्या आधीही होत होतं का? “हो, पण मोजणी महिनाअखेरीला एकदम व्हायची. दोन दिवस गोदाम बंद ठेवून. मी रोज एक-एक रॅक मोजायला लागले.” मग काय झालं? “मग बंद ठेवायची वेळच येईना. फरक निघाला तर त्याच दिवशी कळायचा.” मी म्हटलं, अगं, मग हे कागदावर कुठाय? तर म्हणते, “हे काय लिहायचं मॅडम, हे तर साधं आहे.”

साधं! गोदामं चालवणाऱ्याला विचारा हे किती साधं आहे ते. ती ओळ आम्ही अशी केली: ‘सुमारे 900 प्रकारच्या वस्तूंच्या गोदामात महिनाअखेरच्या मोजणीऐवजी रोज एक रॅक मोजण्याची पद्धत सुरू केली, त्यामुळे मोजणीसाठी दरमहा दोन दिवस गोदाम बंद ठेवणं थांबलं.’ ‘जबाबदारी’ गेली, ‘यशस्वीपणे’ गेलं आणि कुणाला त्यांची आठवणही आली नाही. ओळ लांबली, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात आता मुलाखतीचे दोन-तीन प्रश्न तयार झाले: ही पद्धत कशी सुचली, लोकांनी विरोध केला का, आमच्याकडे असं करता येईल का? प्रश्न तयार झाले की बोलावणं येतं.

तेव्हा स्वतःच्या प्रत्येक ओळीला विचारा: काम केवढं होतं, मी यायच्या आधी काय चालायचं आणि माझ्यामुळे काय बदललं? तिन्ही उत्तरं प्रत्येक वेळी मिळणार नाहीत. काही कामांत काहीच न बिघडणं हीच कमाई असते. रात्रपाळीला यंत्र सांभाळणारा, रुग्णालयातल्या वॉर्डमधली परिचारिका, रोजचा हिशेब बंद करणारा रोखपाल, यांनी ‘बदल’ ओढूनताणून आणू नये. किती खाटांचा वॉर्ड, पाळीत सोबत किती जण, नवीन लोकांना कामाला लावायचं कुणाकडे होतं, एवढं लिहिलं तरी कामाचा आवाका समजतो.

आणि आकडे टाका म्हटलं की लोक आकडे रचायला लागतात, तेही बोलून घेते. ‘विक्री 37 टक्क्यांनी वाढवली.’ बरं, किती होती ती किती झाली? किती काळात? विक्री करणारे तुम्ही किती जण होता? इथे माणूस गप्प झाला की मग त्याच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो. आकडा नक्की ठाऊक नसेल तर ‘सुमारे’ लिहा, नाहीतर आकड्याशिवाय लिहा. मुलाखतीत दोन मिनिटं सरळ बोलता येणार नाही असं काहीही कागदावर नको.

नुकतंच शिक्षण संपलेल्यांची अडचण वेगळी. अनुभव कुठून आणायचा? आणू नका. तुमचा प्रोजेक्ट, इंटर्नशिप, सुट्टीतलं काम हे वर घ्या, शिक्षणाच्या लगोलग. फक्त प्रोजेक्टचं नाव लिहून थांबू नका. ‘ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली’ हे नाव मी इतक्या अर्जांत वाचलंय की आता डोळे त्यावरून घसरतात. चौघांच्या गटात तुमचा भाग कोणता होता? ते खरंच कुणी वापरलं का? कुठे अडलं? एका मुलाने लिहिलं होतं की पुस्तक परत करायची तारीख सुट्टीच्या दिवशी आली तरी प्रणाली दंड लावत होती, ते शोधून त्याने दुरुस्त केलं. त्याला मी बोलावलं. गटातल्या बाकीच्यांचे अर्जही आले असतील, मला ते ओळखूही आले नसते.

काही गोष्टी भराभर सांगते. ‘आव्हानात्मक वातावरणात स्वतःच्या कौशल्यांचा विकास करण्याची इच्छा’ असलं उद्दिष्ट काढून टाका. त्या जागी दोन-तीन ओळींत तुम्ही कोण, काय करता आणि कशात मुरलेले आहात ते लिहा. छंद, ‘वाचन, संगीत, प्रवास’ एवढेच असतील तर नकोत. आणि हल्ली कौशल्यांपुढे रंगीत पट्ट्या काढतात: एक्सेल 80 टक्के. कशाच्या 80 टक्के? त्यापेक्षा एक्सेलमध्ये काय करता येतं ते लिहा. अनुभव थोडा असेल तर एक पान, बराच असेल तर दोन. संशोधन-अध्यापन क्षेत्रातल्या सीव्हीचे नियम वेगळे, तिथे शोधनिबंधांची यादीच कित्येक पानं चालते.

सॉफ्टवेअरबद्दल लोकांना फार धास्ती असते. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एटीएस नावाच्या प्रणालीत जातो हे खरं. पण ती प्रणाली मुख्यतः मजकूर वेगळा काढते, साठवते आणि आम्हाला शोधून देते. थेट बाद होतात ते बहुधा ऑनलाइन फॉर्ममधल्या ठरीव प्रश्नांवर: अमुक परवाना आहे का, अमुक ठिकाणी काम कराल का? खरा घोटाळा मजकूर वेगळा काढताना होतो. दोन रकान्यांची मांडणी असेल तर डावी ओळ उजवीत मिसळते. पानाच्या अगदी वरच्या पट्टीत, हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर कधीकधी गायब होतो. स्कॅन करून चित्र म्हणून पाठवलेलं पान तर कोरंच दिसू शकतं. घरच्या घरी तपासायचं असेल तर पीडीएफमधला सगळा मजकूर उचला आणि साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे जे आणि ज्या क्रमाने दिसेल, साधारण तेच प्रणालीला दिसतं. जाहिरातीतले शब्द तुमच्या कामाला लागू असतील तर तेच वापरा, स्वतःचे प्रतिशब्द काढत बसू नका. पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड दडवायची युक्ती मात्र विसरा. साध्या मजकुरात ते सगळे उघडे पडतात.

फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती: जाहिरातीत मागितलं नसेल तर देऊ नका. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये रेझ्युमेवर फोटो लावत नाहीत. बाकी ठिकाणी रीत वेगळी असू शकते, तिथली बघून घ्या. वाचणारा निःपक्ष असतो असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. मॅरिआन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लईनाथन या अर्थतज्ज्ञांचा एक प्रयोग 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. बोस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना त्यांनी सुमारे 5000 बनावट अर्ज पाठवले आणि त्यांवर नावं मात्र चिठ्ठ्या टाकल्यासारखी कशीही वाटली. कृष्णवर्णीयांची वाटतील अशा नावांच्या तुलनेत गोऱ्या लोकांची वाटतील अशा नावांना जवळपास दीडपट प्रतिसाद आला. नाव काही कुणी लपवू शकत नाही. पण ज्यावरून उगाच मत बनेल अशी आणखी माहिती आपण होऊन कशाला पुरवायची?

नोकरीत खंड पडला असेल तर तो झाकू नका. महिने गाळून नुसती वर्षं लिहिली की आम्हाला आधी तेच खुपतं. ‘कुटुंबातील आजारपणामुळे कामातून विराम, मार्च 2022 ते जून 2023’, एवढी एक ओळ पुरे. कारण सांगायचं नसेल तर ‘वैयक्तिक कारण’ म्हणा. खोट्या पदवीच्या वाटेला तर जाऊच नका. 2012 मध्ये याहूचे मुख्य कार्यकारी स्कॉट थॉम्प्सन यांच्या परिचयात संगणकशास्त्राची पदवी नोंदलेली होती आणि ती त्यांच्याकडे नव्हती, लेखाशास्त्राची होती. रुजू होऊन काही महिनेच झाले होते, पद सोडावं लागलं. इतक्या वरच्या जागेवर तो तपशील आधी कुणी पडताळला नव्हता, हीसुद्धा गंमतच.

मघापासून चिठ्ठ्या येताहेत. एक आहे: ‘रेझ्युमे एआयकडून लिहून घेतला तर चालेल का?’ भाषा तपासून घ्या, चुका काढून घ्या, जाहिरातीशी ताडून घ्या, काही हरकत नाही. पण त्याला नुसतं पदाचं नाव दिलंत तर तो सगळ्यांना देतो तोच गुळगुळीत मजकूर तुम्हालाही देणार, आणि तसे अर्ज आता एकामागोमाग एक येतात. रोज एक रॅक मोजल्याचं त्याला कुठून कळणार? ते तुम्ही आधी लिहून काढा, मग पॉलिश त्याच्याकडून करून घ्या. आणि त्याने परत दिलेली प्रत ओळ न् ओळ वाचा. न केलेली कामं तुमच्या नावावर चढवायला तो कमी करत नाही.

दुसरी चिठ्ठी: ‘पाठवताना काय काळजी घ्यावी?’ फाइलच्या नावात तुमचं नाव आणि पद असू द्या. ‘रेझ्युमे फायनल नवा 2’ नावाच्या फाइली आमच्याकडे ढिगाने आहेत. ईमेल कोरा पाठवू नका, कुठल्या जागेसाठी आणि का योग्य आहात हे चार ओळींत लिहा. पाठवण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या आणि त्यालाच कागदावरचा नंबर बघून तुम्हाला फोन लावायला सांगा. एक आकडा चुकलेला अर्ज जवळजवळ प्रत्येक भरतीत निघतो.