फुकटच्या व्हॅनची बक्षिसी

नमस्कार श्रोतेहो.

विमान उतरतं, प्रवासी आपापल्या बॅगा घेऊन पांगतात. मग विमानातले कर्मचारी कुठे जातात, असं मला अजूनही कुणी ना कुणी विचारतं. उत्तर फार रुबाबदार नाही. आम्ही व्हॅनची वाट बघतो. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या विमानतळाबाहेर हॉटेलांच्या गाड्या थांबायची एक जागा असते. तिथे गणवेशातली पाचसहा माणसं, चाकांच्या काळ्या बॅगा, एकाची मान मोबाईलमध्ये आणि एकजण हॉटेलला फोन लावून ‘निघाली का व्हॅन?’ विचारतोय, हे दृश्य दिवसभर चालू असतं. मी न्यूअर्कहून एका अमेरिकन विमान कंपनीत केबिन क्रू म्हणून बरीच वर्षं काम केलं. त्या फुटपाथवर उभ्या उभ्या जो वाद मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकला, तोच आज तुमच्यापुढे मांडते: हॉटेलच्या व्हॅन ड्रायव्हरला क्रूनं टिप द्यावी की नाही?

रीत अशी की उतरताना ड्रायव्हरच्या हातावर माणशी एक डॉलर ठेवायचा. दोन वैमानिक, चार आम्ही, झाले सहा डॉलर. काही कॅप्टन ‘सगळ्यांचं माझ्याकडून’ म्हणतात आणि दहाची नोट देऊन मोकळे होतात. अशा कॅप्टनचं नाव क्रूमध्ये पटकन पसरतं. काहींना नेमका त्याच वेळी घरून फोन येतो. त्यांचंही नाव पसरतं.

न देणाऱ्यांची बाजू आधी ऐकू, कारण ती वाटते तितकी कंजूषपणाची नाही. ते म्हणतात, मी हॉटेलचा पाहुणा नाही, मी कामावर आहे. खोली कंपनीनं घेतली, व्हॅन त्याच करारात आली. मी हे हॉटेल निवडलं नाही, ही वेळही निवडली नाही. ऑफिसच्या बसच्या ड्रायव्हरला कुणी रोज उतरताना पैसे देतं का?

आणि पुढचा मुद्दा त्याहून बोचरा आहे. अमेरिकेत केबिन क्रूचा तासाचा पगार साधारणपणे विमानाचं दार बंद झाल्यावर सुरू होतो. प्रवासी आत घेणं, बॅगा वरच्या कप्प्यात कोंबायला मदत करणं, रडणाऱ्या मुलाच्या आईला जागा बदलून देणं, हे सगळं वर्षानुवर्षं बिनपगारी चाललं. डेल्टा या विमान कंपनीनं 2022 मध्ये बोर्डिंगच्या वेळेचे पैसे द्यायला सुरुवात केली, तेही अर्ध्या दरानं. मग आणखी काही कंपन्या त्या वाटेनं गेल्या. व्हॅनमधल्या वेळेला मात्र फक्त भत्ता, ज्याला आम्ही ‘पर डिएम’ म्हणतो, तो तासाला दोन-अडीच डॉलरच्या आसपास. म्हणजे पहाटे चार वाजता व्हॅनमध्ये सात माणसं असतील, तर तासाचा पगार चालू असतो एकाचाच. ड्रायव्हरचा! हे ऐकल्यावर टिप देणाऱ्यांचीही क्षणभर बोलती बंद होते.

शिवाय प्रवासी वर्षाकाठी एकदोनदा व्हॅनमध्ये बसतो. क्रूचे महिन्याला दहाबारा मुक्काम सहज होतात. प्रत्येक मुक्कामाला जाताना एक, येताना एक. वर्षाचे अडीचशे-पावणेतीनशे डॉलर झाले. पंधरा वर्षं उडणाऱ्या कॅप्टनला ते कळणारही नाहीत. पण पहिल्या वर्षाची मुलगी रिझर्व्हवर असते, फोन आला की पळायचं. विमानतळाजवळ सहा-आठ जणींनी मिळून घेतलेल्या घरात तिचा एक पलंग असतो. तिला ते कळतात.

आता ड्रायव्हरच्या पगाराकडे वळू. खरी गोम तिथे आहे.

अमेरिकेत केंद्राचं किमान वेतन तासाला 7 डॉलर 25 सेंट. 2009 च्या जुलैपासून ते तिथेच आहे. पण ज्याला नेहमी बक्षिसी मिळते अशा कामगाराला मालकानं स्वतःच्या खिशातून तासाला फक्त 2 डॉलर 13 सेंट दिले तरी केंद्राच्या कायद्याला चालतं. बाकीचे गिऱ्हाइकाच्या टिपेतून भरून आले असं धरायचं. नाही भरले तर फरक मालकानं द्यायचा. हा 2 डॉलर 13 सेंटचा आकडा 1991 पासून हललेला नाही. आणि ‘बक्षिसी मिळणारा कामगार’ ठरायला काय लागतं? महिन्याला 30 डॉलरपेक्षा जास्त टिप. सहा जणांच्या क्रूच्या पाच फेऱ्या झाल्या की 30 डॉलर पुरे, सहावी फेरी झाली की माणूस त्या व्याख्येत बसायला लागतो.

म्हणजे बघा, आपण चांगुलपणानं दिलेल्या डॉलरचा पहिला लाभार्थी हॉटेलमालकही असू शकतो. हॉटेलच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘विमानतळापर्यंत मोफत व्हॅन’. आयजीच्या जिवावर बायजी उदार. बरीच हॉटेलं व्हॅनवाल्याला याहून पुष्कळ जास्त देतात, कारण 2 डॉलर 13 सेंटवर व्हॅन चालवायला माणूसच मिळायचा नाही. पण मुभा आहे, आणि मुभा असली की ती कधी ना कधी कुणीतरी वापरतं.

त्यातही राज्याराज्यांत फरक आहे, आणि एकाच आठवड्यात चार राज्यं करणाऱ्या क्रूला तो माहीत असायला हरकत नाही. टेक्सास आणि जॉर्जियात केंद्राचाच हिशोब चालतो, म्हणजे डॅलस, ह्यूस्टन, अटलांटा ही सगळी विमानांची माहेरघरं त्यात आली. उलट कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ऑरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना, अलास्का या राज्यांत बक्षिसीच्या नावावर मूळ पगार कापताच येत नाही. लास वेगासचा ड्रायव्हर टिपेसह जे कमावतो ते पूर्ण किमान वेतनाच्या वर कमावतो.

सिॲटलचा विमानतळ ज्या छोट्या गावात आहे त्या सीटॅकची गोष्ट तर सांगायलाच हवी. विमानतळ, हॉटेलं, पार्किंग आणि भाड्याच्या गाड्या, यांच्यावरच ते गाव चालतं. 2013 च्या नोव्हेंबरात तिथल्या मतदारांनी प्रवास आणि हॉटेल क्षेत्रातल्या कामगारांसाठी तासाला 15 डॉलरचं किमान वेतन मंजूर केलं. बहुमत किती होतं? अवघ्या 77 मतांचं! मग प्रकरण कोर्टात गेलं. विमानतळाच्या आवारातल्या कामगारांना 2015 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हक्क मिळाला. महागाईप्रमाणे वाढत वाढत 2025 मध्ये तो दर तासाला 20 डॉलरच्या वर गेला. मग तिथे व्हॅनवाल्याला टिप द्यायचं लोकांनी सोडलं का? नाही सोडलं. सवय पगाराच्या मागून येत नाही, ती स्वतःच्या चालीनं चालते.

या सवयीचा इतिहास मात्र गोड नाही. अमेरिकेत यादवी युद्धानंतर जॉर्ज पुलमननं रेल्वेचे झोपायचे डबे काढले आणि त्यांत पोर्टर म्हणून कृष्णवर्णीय माणसं नेमली. सुरुवातीचे कित्येकजण नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले. पगार तुटपुंजा, कारण बाकीचं प्रवासी देतील ही मालकाची धारणा. बूट पुसायचे, बिछाना घालायचा, रात्रभर घंटी वाजली की उठायचं. प्रवासी त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत, मालकाच्या नावानं, जशी काही ती त्याचीच माणसं. कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी 1925 मध्ये या पोर्टरांची युनियन बांधली आणि पुलमन कंपनीशी पहिला करार व्हायला 1937 उजाडलं. त्याच्याही आधी, टिप हीच गोष्ट लोकशाहीला शोभत नाही असं वाटून वॉशिंग्टन राज्यानं 1909 मध्ये ती देण्याघेण्यावर बंदी घातली. आणखी काही राज्यांनी तेच केलं. पुढच्या पंधरावीस वर्षांत ते सगळे कायदे गुंडाळले गेले. माणसाच्या हातातून हातात जाणारी नोट कुठला पोलीस अडवणार?

इतकं सगळं ऐकून तुम्ही विचाराल, बाई, तुम्ही देत होतात की नाही?

देत होते. आणि माझं मत विचाराल तर क्रूनं द्यावी.

मिनियापोलिसमधला जानेवारी डोळ्यांसमोर आणा. पहाटेचे सव्वाचार, उणे वीसच्या आसपास थंडी. व्हॅन हॉटेलच्या दाराशी लागलेली, इंजिन चालू. ड्रायव्हर साठीचा, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली. त्यानं व्हॅनच्या पायरीवर आधीच मीठ टाकून ठेवलंय, म्हणजे बर्फावरून कुणाचा पाय सरकू नये. आमच्या बॅगांच्या चाकांत बर्फाचा चिखल अडकलेला. तो एकेक बॅग उचलण्याआधी बुटाच्या टोकानं चाकाला हलकी टिचकी मारतो, चिखल खाली पडतो, मग बॅग आडवी आत सरकवतो. मूठ बाहेरच्या बाजूला राहील अशी. विमानतळावर उतरवताना ओढाताण नको म्हणून. हे त्याला कुठल्या करारानं शिकवलं नाही. व्हॅन करारात आहे. ती टिचकी नाही.

दुसरं कारण रोकड्या हिशोबाचं आहे. पहाटे साडेतीन ते आठ या पाळीत हॉटेलच्या व्हॅनमध्ये बहुतेक क्रूच असतो. सुट्टीवर आलेलं कुटुंब त्याच सीटांवर बसलं असतं तर चार बॅगांचे पाच डॉलर देऊन उतरलं असतं. आम्ही गाडी भरून टाकायची आणि ‘आमचं करारात आहे’ म्हणत हात आखडता घ्यायचा, तर त्या पाळीच्या ड्रायव्हरनं बक्षिसीची अपेक्षा तरी कुणाकडून करायची?

आणि तिसरं, आमची झोप त्याच्या हातात असते. हे शब्दशः घ्या. 2022 च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनानं केबिन क्रूला दोन ड्यूट्यांमध्ये किमान दहा तास विश्रांतीचा नियम केला. वैमानिकांना तो 2014 पासूनच होता. हे दहा तास ड्यूटी सुटल्यापासून मोजतात, उशीला डोकं टेकल्यापासून नाही. फुटपाथवरची चाळीस मिनिटं त्यातूनच वजा होतात. जो ड्रायव्हर विमानाची उतरायची वेळ स्वतः बघून आधीच येऊन उभा राहतो, तो आम्हांला पाऊण तास झोप देतो. एका डॉलरला पाऊण तास झोप स्वस्तच म्हणायची.

पण सक्तीला माझा ठाम विरोध आहे. आरशाला लटकवलेला क्यूआर कोड, डॅशबोर्डवर मुद्दाम पाच-पाचच्या नोटा खोचलेला प्लास्टिकचा डबा, हे मला खपत नाही. एखादा ड्रायव्हर सीटवरून हलतसुद्धा नाही, बॅगा आम्हीच चढवायच्या आणि आम्हीच उतरवायच्या, त्याला मी ‘थँक्यू’ म्हणून उतरत असे आणि मला रात्री छान झोप लागत असे. आणि पहिल्या वर्षाच्या मुलीकडे तर कुणी वळूनही बघू नये. व्हॅनमध्ये ज्याचा पगार सगळ्यांत मोठा त्यानं सगळ्यांचे द्यावेत. तो बहुतेक वेळा पुढच्या सीटवर बसलेला असतो, शोधावा लागत नाही.

याहून बरा तोडगा युनियनच्या हातात आहे. वैमानिकांच्या आणि केबिन क्रूच्या संघटनांमध्ये हॉटेल बघणाऱ्या समित्या असतात. खोलीचे पडदे पूर्ण अंधार करतात का, लिफ्टचा खडखडाट ऐकू येतो का, मध्यरात्री खायला काही मिळतं का, हे सगळं त्या तपासतात. फेरीमागे ठराविक रक्कम थेट ड्रायव्हरला, असं एक कलम करारात घालायला लावणं त्यांना अवघड जाऊ नये.

जाता जाता आणखी एक गंमत. आम्ही टिप देतो खरी, पण घेत नाही. विमानात कुणी वीसची नोट पुढे केली तर हसून परत करायची. फ्रंटियर या स्वस्त विमान कंपनीनं खाण्यापिण्याचं बिल भरताना टिपचा पर्याय टॅबलेटवर आणला आणि 2019 पासून ती टिप ज्या त्या कर्मचाऱ्याला मिळायला लागली. केबिन क्रूच्या संघटनेनं विरोध केला. त्यांचं म्हणणं, आमचं पहिलं काम आग लागली तर नव्वद सेकंदांत तुम्हांला बाहेर काढणं आहे, आणि आमचा पगार तुमच्या मर्जीवर सोडू नका. पुलमनच्या पोर्टरांना हे लगेच पटलं असतं.

आता आपल्याकडच्या लोकांसाठी दोन शब्द. मुंबईहून न्यूयॉर्क, न्यूअर्कला जाणारा आपला क्रू मोठा असतो, बॅगाही मोठ्या. तिथे एकानं कॉन्ट्री काढून ड्रायव्हरला एकदम द्यावेत हे उत्तम. व्हॅनच्या दारात प्रत्येकानं पाकीट चाचपत उभं राहायचं, तेही सोळा तासांच्या उड्डाणानंतर, म्हणजे शिक्षाच. आणि श्रोत्यांपैकी ज्यांची मुलं-सुना तिकडे आहेत, ज्यांना कधी पुढचं विमान चुकून हॉटेलात रात्र काढावी लागते, त्यांच्यासाठी: तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यात भाजणी, मसाले आणि नातवाचे कपडे, त्या उचलणाऱ्याला बॅगेमागे एक-दोन डॉलर देणं ही तिथली चाल आहे. त्यानं हात लावला नाही तर देऊ नका, कुणी काही म्हणत नाही.

2025 च्या जुलैत झालेल्या कायद्यानं बक्षिसीच्या उत्पन्नावर वर्षाला 25,000 डॉलरपर्यंत केंद्राच्या प्राप्तिकरात वजावट दिली आहे, 2028 पर्यंत, आणि शटल ड्रायव्हर त्या यादीत आहेत. पण ज्याचं उत्पन्नच कमी त्याला प्राप्तिकर मुळात बेताचा, त्यामुळे याचा फार गाजावाजा करण्यात अर्थ नाही. रोख दिलेला डॉलर त्याला आजच कामी येतो.

अडचण एकच येते, सुट्यांची. आपल्याकडे डॉलर घेतले की हातात शंभराच्या कोऱ्या नोटा पडतात, आणि शंभराची नोट व्हॅनवाल्याला दाखवून काय उपयोग? घेतानाच एक-एक डॉलरच्या वीसपंचवीस नोटा मागून बघा. नाहीच मिळाल्या तर तिकडे उतरल्यावर विमानतळावरच्या दुकानात पाण्याची बाटली घ्या आणि उरलेले पैसे सुटे करून मागा. काउंटरवरची मुलगी जरा कुरकुरेल, पण देईल.

नमस्कार.