अँग्विलाचा कौल

नमस्कार श्रोतेहो.

हल्ली नव्या कंपन्यांच्या वेबसाइटचे पत्ते पाहिलेत का? शेवटी ‘डॉट एआय’. आपल्याला वाटतं, एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. पण ती अक्षरं आहेत अँग्विलाची, जशी आपली ‘डॉट इन’. अँग्विला हे कॅरिबियन समुद्रातलं ब्रिटनच्या ताब्यातलं बेट. ९१ चौरस किलोमीटर जमीन, साधारण सोळा हजार माणसं. आपल्याकडे एवढी वस्ती एखाद्या मोठ्या गावाची असते.

या बेटाला २०२३ साली नुसत्या डॉट एआयच्या नोंदणीतून तीन कोटी डॉलरच्या वर पैसे मिळाले. सरकारच्या एकूण उत्पन्नाचा पाचवा हिस्सा! अशी लॉटरी लागलेलं सरकार पुन्हा निवडून येणार, असंच कुणीही म्हणेल. २६ फेब्रुवारी २०२५ ला मतदान झालं आणि ते सरकार पडलं. डॉक्टर एलिस वेबस्टर यांच्या प्रोग्रेसिव्ह मूव्हमेंटला २०२० मध्ये अकरापैकी सात जागा होत्या, आता उरल्या तीन. युनायटेड फ्रंटने आठ जिंकल्या आणि वकील असलेल्या कोरा रिचर्डसन-हॉज अँग्विलाच्या पहिल्या महिला प्रीमियर, म्हणजे सरकारप्रमुख, झाल्या.

तिथला मतदार दोनदा शिक्का मारतो, म्हणा ना. एकदा आपल्या भागातल्या उमेदवारासाठी. असे भाग सात. आणि एकदा सबंध बेटाच्या चार जागांसाठी. म्हणजे नात्यातल्या माणसाला एक मत देऊन झालं, तरी राग काढायला दुसरी मतपत्रिका हातात असतेच.

राग कशाचा? जीएसटीचा. हो, तिथेही जीएसटी! २०२२ च्या जुलैत लागू झाला, तेरा टक्के. ज्या बेटावर पगारावर प्राप्तिकर नाही आणि घरातलं बहुतेक सामान जहाजाने येतं, तिथे दुकानाच्या बिलाखाली ही नवी ओळ दिसू लागली. एकीकडे तिजोरीत डॉलरचा ओघ, दुसरीकडे गल्ल्यावर रोजची ही वजावट. युनायटेड फ्रंटने नेमकं हेच धरलं: जीएसटी रद्द करू. हे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही, पण लोकांना बिल वाचता येतं, अंदाजपत्रक नाही.

तसे हे लोक सरकारला घाबरणारे नाहीत. १९६७ मध्ये सेंट किट्स या दुसऱ्या कॅरिबियन बेटाचं राज्य नको म्हणून त्यांनी तिथल्या पोलिसांना बेटाबाहेर काढलं. मग सार्वमत घेतलं: वेगळं होण्याच्या बाजूने १,८१३, विरोधात अवघे पाच. दोन वर्षांनी ब्रिटनने चक्क पॅराशूट पलटण उतरवली, तर तिला लढायला कुणी भेटलंच नाही.

आता नव्या बाईंना कर काढायचा आहे आणि खर्चही भागवायचा आहे. भिस्त पुन्हा त्या दोन अक्षरांवर. आणि ती किती खपतील, ते अँग्विलात ठरत नाही. ते ठरतं कॅलिफोर्नियात, बंगळुरूत, आणि आपल्या पुण्यातल्या एखाद्या हिंजवडीच्या ऑफिसात, नवी कंपनी काढून नाव शोधत बसलेल्या पोरांच्या टेबलावर.

नमस्कार.